ताटाची डावी बाजू

तांदूळ निवडायला बसले की चार दाणे तोंडात टाकायचे, ही माझी सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. आधी चार दाणे असत, मग त्यांची चिमूट झाली, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की सहामाहीच्या टिपणांची वही पुढ्यात घेऊन बसलेली मी शेजारच्या वाटीतले कच्चे तांदूळ कटाकट चावत ती वाटी जवळजवळ रिकामी करत आणली आहे. कच्चे तांदूळ खाणाऱ्या मुलीच्या लग्नात पाऊस पडतो, असे आमच्याकडे म्हणतात. माझ्या लग्नाला तेवीस वर्षे झाली होती, त्यामुळे तीही भीती उरलेली नव्हती.

मी नाशिकच्या एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवते आणि नववीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतात. त्या वर्षी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला थांबावे लागू लागले. थांबताना कठड्याला हात लावून मी खाली मैदानाकडे पाही, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावे की बाई मुलांवर लक्ष ठेवून आहेत. केस विंचरताना फणीत गुंता येई, रात्री पोटऱ्यांत अशी काही वळवळ होई की पाय कुठे ठेवावेत ते कळत नसे. या सगळ्याला मी 'वय' हे एकच नाव देऊन टाकले होते. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात थकव्याची तक्रार केली तेव्हा "बायकांना एवढं असतंच" असे ऐकून आणि गोळ्यांची एक पट्टी घेऊन मी परतले होते. त्या गोळ्यांनी पोट जड झाले, शौचाला काळे होऊ लागले, आणि घाबरून मी आठव्या दिवशी त्या बंद केल्या. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो आणि त्यात भिण्यासारखे काही नसते, एवढे एक वाक्य तेव्हा कोणी सांगितले असते तर पुढची दोन वर्षे वाचली असती.

या वेळी ज्या डॉक्टरीण बाईंकडे गेले, त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली, नखे पाहिली आणि मग अगदी सहज विचारले, "माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?" सत्तेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेला चोरी पकडली गेल्यावर जशी लाज वाटेल तशी मला वाटली. शरीरातले लोह फार उतरले की अशी विचित्र खा-खा सुटते, तिला वैद्यकात 'पायका' म्हणतात आणि ते लक्षण आहे, खोड नव्हे, हे त्यांनी समजावले. रक्ताचा अहवाल आला तेव्हा हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तामागे ८.४ ग्रॅम होते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे ते किमान १२ असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. त्याहून वाईट आकडा फेरीटिनचा होता. फेरीटिन म्हणजे शरीराने गाठीला बांधून ठेवलेले लोह, आणि माझ्या गाठीला ६ होते, म्हणजे जवळजवळ काहीच नव्हते. सोनोग्राफीत गर्भाशयातली गाठ दिसली. पाळीत वर्षानुवर्षे जास्त जाणारे रक्त हे त्या रिकामेपणाचे मुख्य कारण होते, आणि गळती न थांबवता टाकी भरण्यात अर्थ नाही, म्हणून उपचारांची सुरुवात तिथून झाली.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा सहावीपासून पुढच्या मुलामुलींना निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून मधल्या सुट्टीतल्या जेवणानंतरच द्यायची. काही मुली ती जिभेखाली दडवतात आणि बाहेर जाऊन कुंडीत टाकतात, त्यामुळे मी समोर उभी राहून "आ कर" म्हणत एकेकीचे तोंड तपासते. हे काम मी कित्येक वर्षे मनापासून केले, आणि ते करताना माझे स्वतःचे हिमोग्लोबिन किती असेल हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्राचा स्त्रियांचा आकडा देशापेक्षा थोडाच कमी, चौपन्न टक्क्यांच्या आसपास. हे आकडे मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवले आहेत.

अहवालाची बातमी पसरताच स्टाफरूममधून आणि नात्यागोत्यातून सल्ले आले, ते बहुतेक लाल रंगाचे होते. बीट खा, डाळिंब खा, गाजराचा रस घे. रक्त लाल, म्हणून लाल ते सारे रक्त वाढवणारे, हा न्याय इतका सोपा आहे की त्याला हरकत घेणेसुद्धा कठोरपणाचे वाटते. परंतु शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही आणि डाळिंबाच्या दाण्यांत त्याहूनही कमी असते. दिसायला राखाडी, चवीला उग्र अशी आपली बाजरी शंभर ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या वर लोह बाळगून असते. माझ्या एका नणंदेने तर चार किलो बीट आणून दिले. त्याची कोशिंबीर, पराठे, हलवा असे सगळे झाले, घरातल्या सगळ्या पातेल्यांचे रंग बदलले, आणि माझा अहवाल होता तिथेच राहिला.

डॉक्टरीण बाईंनी गोळ्यांबरोबर मला एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवले. मला वाटले होते की त्या एक छापील तक्ता देतील, सकाळी हे, दुपारी ते, आणि तो मी फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून विसरून जाईन. त्यांनी तक्ता दिला नाही. त्या म्हणाल्या, "ताई, काल दुपारी तुम्ही ताट वाढून घेतलंत, तेव्हा त्यात काय काय होतं ते डावीकडून सांगा."

डावीकडून काहीच सांगण्यासारखे नव्हते. मराठी ताट कसे वाढावे हे माझ्या आजीने मला सहाव्या वर्षी शिकवले होते. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मध्ये भात आणि पोळी किंवा भाकरी. सणाला, श्राद्धाला, पाहुणे आले की मी अजूनही तसेच वाढते. परंतु एरवीच्या दिवशी, सगळ्यांची जेवणे झाल्यावर ओट्याशी उभ्याने जे ताट मी वाढून घेत असे, त्यात उरलेली भाजी, पोळी आणि कढईच्या कडेचा भात एवढेच असे. लिंबू चिरलेले असले तर ते आधीच पिळून संपलेले असे. कोशिंबीर करायची तर ती चौघांपुरती, आणि जेवणारी मी पाचवी. शाळेच्या डब्यात तर डावी बाजू नसतेच, कारण लिंबू गळते आणि काकडीला पाणी सुटते.

त्यानंतर मॅडमनी जे समजावले, ते मी शाळेच्या वहीत उतरवून घेतले आहे. अन्नातले लोह दोन प्रकारचे असते. मांस, मासळी आणि कलेजीतले लोह रक्तातल्या घटकाला बांधलेले असते आणि आतडे ते सहज उचलते. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह मात्र सुटे आणि हट्टी असते. ते ज्या रूपात येते ते रूप आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींना सहजी घेता येत नाही, आणि धान्याच्या कोंड्यातले फायटेट, चहातले टॅनिन यांसारखी मंडळी त्याचा हात धरून त्याला तसेच पुढे बाहेर घेऊन जातात. म्हणून भाकरीत लोह किती आहे यापेक्षा त्यातले आत किती शिरले, हा प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि पुष्कळदा ते शंभरातले पाच भागच असते. 'क' जीवनसत्त्व त्याच ताटात असेल, तर ते लोहाचे रूप बदलून त्याला पेशींच्या दारातून आत नेते, आणि तेच शोषण दुपटी-तिपटीवर जाऊ शकते. अट एवढीच की दोघे एकाच घासाच्या आगेमागे पोटात गेले पाहिजेत. सकाळी सात वाजता घेतलेले लिंबूपाणी दुपारच्या भाकरीच्या उपयोगाचे नाही. आणि 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नासते, म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न पिळता ताटात पिळायचे.

त्या संध्याकाळी मी आजीच्या ताटाचा विचार करत बसले. ज्या डाव्या बाजूला आम्ही 'तोंडी लावणे' म्हणून दुय्यम समजत आलो, तिच्यातच उजव्या बाजूचे अन्न अंगी लागण्याची सोय होती. लिंबू, कच्च्या कैरीची डाळ, कोथिंबिरीची चटणी, मुळ्याची किंवा कोबीची कोशिंबीर, थंडीत ओल्या आवळ्याचे लोणचे, पेरूची कोशिंबीर. पेरू तर 'क' जीवनसत्त्वात लिंबाला कितीतरी मागे टाकतो. शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर जातो. मटकीला मोड आणणे, आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवणे, यांनी फायटेट कमी होते. भाजीसाठी लोखंडी कढई आणि त्यात चिंच किंवा आमसूल पडले की थोडे लोह कढईचेही उतरते.

मात्र याच ठिकाणी पाय घसरतो, आणि 'आपल्या पूर्वजांना हे सगळे विज्ञान ठाऊक होते' हे वाक्य लेखणीच्या टोकाशी येऊन उभे राहते. ते मी लिहिणार नाही. माझ्या आजीने ताट वाढायचे नियम मला शिकवले, पण तिचे स्वतःचे ताट तिने शेवटपर्यंत सगळ्यांच्या नंतरच वाढून घेतले, आणि तिचे तळहात मला आठवतात तेव्हापासून पांढरेफटक होते. तिला सात बाळंतपणे झाली. चुलीच्या राखेतला भाजका मातीचा खडा ती पदराआड करून खात असे आणि आम्ही नातवंडे हसत असू. ताटाची मांडणी चांगली होती, पण ते ताट कोणासमोर ठेवले जात होते हे विचारल्याशिवाय मांडणीचे कौतुक करण्यात फारसा अर्थ नाही. आमच्या घरी रविवारी मटण होते. त्यातली कलेजी आणि नळी मुलाच्या व त्याच्या वडिलांच्या ताटात जाते, आणि मी व सासूबाई रश्श्यात भाकरी चुरून खातो, हे मला कोणी सांगून घडत नव्हते. पळी माझ्याच हातात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीला २९. घरात ज्याला जास्त हवे त्यालाच कमी वाढले जाते, हा हिशोब मी माझ्याच हाताने दर रविवारी चुकवत होते.

आता चहाबद्दल. मॅडमनी मला काही सोडायला सांगितले असेल तर तो जेवणावरचा चहा, आणि तोच सोडणे सगळ्यांत जड गेले. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो; तोच चहा तासाभराने घेतला तर त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे. ऐकायला हे किती सोपे वाटते! परंतु आमच्या शाळेची मधली सुट्टी वीस मिनिटांची असते. पहिल्या बारा मिनिटांत डबा खाऊन होतो, तेवढ्यात शिपाई मामा किटली घेऊन येतात, आणि उरलेल्या आठ मिनिटांत शाळेतले सगळे खरे बोलणे होते. कोणाची बदली, कोणाच्या मुलीचे स्थळ, कोणत्या परिपत्रकाने पुन्हा काय मागितले, हे सारे त्या अर्ध्या कपाभोवती चालते. पहिल्या आठवड्यात मी कप नाकारला तेव्हा दोघींनी मला वेगवेगळे गाठून विचारले की मी कोणावर रुसले आहे का. शेवटी मी कप घेऊ लागले आणि तो तसाच झाकून ठेवून पुढच्या मोकळ्या तासाला, गार झालेला, एकटीने पिऊ लागले. गार चहासारखी वाईट गोष्ट दुसरी नाही. पण बोलणे चुकले नाही आणि लोहही वाचले.

एक हिशोब मात्र मी मुद्दाम इथे मांडते, कारण आहाराने सगळे बरे होते असे सांगणारे लोक आता फार झाले आहेत आणि त्यांच्यापैकी एकानेही हा हिशोब मला दाखवला नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. माझ्या शरीरात रक्त साधारण चार लिटर धरले, तर ८.४ वरून १२ वर जाण्यासाठी जवळपास १४५ ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने तयार व्हायला हवे, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागणार. गाठीला बांधायचे ते वेगळे; तेही तीन-चारशे मिलिग्रॅम. दुसरीकडे, चांगल्या जेवणातून दिवसाकाठी दीड-दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागते आणि त्यातले बरेचसे रोजच्या झिजेत व पाळीत खर्च होते. ताट कितीही सुधारले आणि दिवसाला एक मिलिग्रॅम शिल्लक पडू लागले, तरी नुसत्या जेवणावर मला १२ वर पोचायला दीड वर्ष आणि साठा भरायला आणखी वर्षभर लागले असते, तेही रक्तस्राव पूर्ण थांबला असता तर. खड्डा गोळ्यांनीच भरायचा असतो. तो पुन्हा पडू नये हे जेवणाचे काम. मॅडमनी पहिल्याच भेटीत हे स्पष्ट केले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

गोळ्यांचीही एक गंमत कळली. यकृतात हेप्सिडिन नावाचे एक संप्रेरक तयार होते, ते लोहाच्या दारावरचा पहारेकरी. गोळी घेतली की रक्तातले लोह वाढते, पहारेकरी सावध होतो आणि जवळजवळ एक दिवस दार आवळून धरतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शिरते. झुरिचमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिवसाआड गोळी घेतल्याने शोषणाचे प्रमाण वाढल्याचे दाखवले. माझ्या डॉक्टरीण बाईंनी मला दिवसाआडच गोळी दिली, लिंबूपाण्याबरोबर, आणि पोटाच्या ज्या तक्रारीमुळे मी दोन वर्षांपूर्वी पळ काढला होता ती या वेळी सोसण्याइतकी कमी झाली. हे माझ्यापुरते, प्रत्येकीची मात्रा तिच्या डॉक्टरांनी ठरवायची. विशेषतः रक्तक्षय म्हणजे लोह कमी, असे गृहीत धरून परस्पर गोळ्या सुरू करू नयेत. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे, काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत; दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. त्यांचे हिमोग्लोबिन कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही, आणि नको तिथे साठलेले लोह यकृत-हृदयाला घातक ठरते.

कच्चे तांदूळ खाण्याची ओढ तिसऱ्या आठवड्यात गेली. हिमोग्लोबिन तेव्हा जेमतेम एका अंकाने वाढले होते, पण ओढ आधी गेली.

वाचन वाढले तशी आणखी एक ओळख झाली. निळ्या गोळीतल्या ज्या फॉलिक ॲसिडचे नाव मी मुलींना पाठ करून घेते, त्याची जन्मकथा आपल्या मुंबईतली आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत राहून कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. या बायकांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या आणि कारण सापडत नव्हते. विल्सने जंतुसंसर्गाची शंका तपासली, त्या बायका कुठे राहतात आणि काय खातात याची पाहणी केली, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात ते मार्माइट, या आजारावर चालतो हे १९३१ मध्ये जाहीर केले. त्यातला गुणकारी घटक कोणता, हे तिला तेव्हा सांगता आले नाही. दहा वर्षांनी अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक घटक वेगळा केला गेला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक' हे नाव मिळाले. हे वाचल्यावर मला वाटले की आहारोपचार या शब्दाला आज जो चमकदार कागद लावला जातो, त्याच्या खाली एक फार साधी गोष्ट आहे. एका डॉक्टरने आजारी बाईला 'तू काय खातेस' हे विचारले, आणि उत्तर ऐकून घेतले. बाकीचे पुढे प्रयोगशाळेत झाले.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली, तेव्हाच्या अहमदनगरमधली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधली, आणि माझ्या माहेरच्या बाजरीची. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून 'धनशक्ती' नावाचे बाजरीचे वाण निघाले, ज्यात लोह नेहमीच्या वाणापेक्षा जास्त असते. निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना काही महिने रोज दोन वेळा या बाजरीच्या भाकरी देऊन पाहिल्या, तर दुसऱ्या गटाला साधी बाजरी दिली. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांचा लोहसाठा सुधारला, आणि ज्यांचा मुळात कमी होता त्यांना फायदा अधिक झाला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यात मला आवडले ते असे की मुलांना ओळखीच्या नसलेल्या कुठल्या गोष्टीची सवय लावावी लागली नाही. भाकरी तीच राहिली, तिच्यातला दाणा बदलला.

माझ्याही ताटात नवे काही आलेले नाही. सिन्नरहून भाऊ बाजरी पाठवतो. थंडीत ती, एरवी ज्वारी. मटकी, हुलगे, चवळी यांना आळीपाळीने मोड येतात. राजगिऱ्याची पालेभाजी लोखंडी कढईत होते आणि गॅस बंद केल्यावर तिच्यावर लिंबू पडते. डब्यात लिंबाऐवजी पेरूच्या चार फोडी जातात, त्या गळत नाहीत. पेरूचा हंगाम नसेल तेव्हा कोबीची पचडी किंवा आवळ्याची फोड. मुख्य बदल वेळेचा आणि क्रमाचा आहे. मी आता सगळ्यांबरोबर जेवायला बसते. पहिल्या दिवशी हे इतके अवघड गेले की पोळी हवी आहे का, ताक वाढू का, असे विचारत मी सहा वेळा उठले, आणि शेवटी लेकीने माझा हात धरून खाली बसवले. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या आणि ज्याला हव्या त्याने घ्यायच्या, यावर आमच्याकडे दोन दिवस थोडी धुसफूस झाली. गरम पोळी म्हणजे फुगलेली, तव्यावरून ताटात पडलेली, अशी आमच्या ह्यांची व्याख्या आहे. ती आता शनिवार-रविवारपुरती उरली आहे आणि त्या दोन दिवशी तवा त्यांच्याकडे असतो.

गर्भाशयातल्या गाठीवरचा उपचार झाला, पाळीतला रक्तस्राव आटोक्यात आला, गोळ्या सहा महिने चालल्या. जानेवारीत हिमोग्लोबिन १२.३ आले. गोळ्या बंद करून पाच महिने झाल्यावर, या जूनमध्ये, ते १२.१ होते आणि फेरीटिन ३१. डॉक्टरीण बाईंना ते आणखी वर हवे आहे. मी आता तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जाते, मात्र दुसऱ्या वळणावर मैदानाकडे पाहण्याची सवय सुटलेली नाही, आणि नववीच्या मुलांना अजूनही वाटते की बाई लक्ष ठेवून आहेत.

मला पाहून सासूबाईंनी स्वतःहून रक्त तपासून घेतले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे हिमोग्लोबिन १०.६ निघाले. या वयात कारण आधी शोधायचे असते, पोटात कुठे रक्त जाते आहे का ते पाहायचे असते. त्या तपासण्या चालू आहेत. "आता माझं काय राहिलंय, माझा चहा तेवढा काढू नका," असे त्या म्हणाल्या. चहा काढलेला नाही, फक्त जेवणापासून हलवला आहे. एक वाजता आम्ही जेवतो आणि चहा तीन वाजता, असे ठरले आहे. अडीच वाजले की त्या उठतात, आधण ठेवतात, साखर घालतात, आले किसून टाकतात, मग गॅस बंद करतात आणि पातेल्यावर झाकण ठेवून स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर स्टुलावर बसून राहतात.